शेजारच्या सीटचा ब्रेक

१

मॅडमकडे मोटार शिकायला यायची ती बहुतेक दुसरीकडून पळून आलेली माणसं. कुणाच्या अंगावर आधीचा शिकवणारा खेकसलेला असायचा, कुणाचा नवरा शेजारी बसून "अगं, अगं, अगं" करत राहायचा, आणि एका गृहस्थांनी तर पहिल्याच दिवशी गाडी थेट सलूनच्या पायरीवर चढवून, अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाची काचेतून हात जोडून माफी मागितली होती. अशा सगळ्यांना मॅडम स्टीअरिंगसमोर बसवायच्या, स्वतः शेजारी ऐसपैस बसायच्या, पर्समधून आंबटगोड गोळ्यांची पुडी काढायच्या आणि म्हणायच्या, "एक तोंडात टाका. ती विरघळेपर्यंत आपण जागचं हलायचं नाही."

गोळी विरघळायची. तिच्याबरोबर निम्मी भीतीही विरघळायची.

गाडी विजेवरची होती, छोटी, लिंबाच्या रंगाची. शेजारच्या सीटपुढंही तिला एक ब्रेक होता. शिकणारा गडबडलाच तर शिकवणाऱ्याला गाडी थांबवता यावी म्हणून तो बसवलेला असतो. मॅडम त्याला सहसा पाय लावत नसत, आणि या गोष्टीची त्यांना जरा घमेंडच होती. "सारखा ब्रेक दाबायचा म्हणजे मुलाच्या हातातली पेन्सिल काढून घेऊन आपणच गणित सोडवायचं," असं त्या म्हणत.

त्या महिन्यात त्यांच्याकडे दातांच्या एक डॉक्टरीणबाई शिकत होत्या. बाई दिवसभर लोकांच्या तोंडात हत्यारं घालत आणि त्यांचा हात तसूभर हलत नसे, पण स्टीअरिंग हातात आलं की दोन्ही कोपरं कापायला लागत. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी त्या यायच्या. बंगल्यांची गल्ली, मग बाजार, आणि शेवटी पाण्याच्या टाकीमागचा लांबलचक सरळ रस्ता. एका बाजूला टाकीची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला मोकळं माळरान. रस्त्याला ना वळण ना फाटा. शिकाऊ माणसाला याहून मोठं सुख नाही.

त्या सरळ रस्त्यावरच एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी नाक वर केलं.

"मॅडम, काहीतरी जळतंय."

मॅडमनीही हुंगलं. रबर. कुणीतरी सायकलची जुनी ट्यूब शेकोटीत टाकावी तसा वास.

"तुमच्या मेंदूचे फ्यूज असतील," मॅडम म्हणाल्या. "कालपर्यंत तासाला दहाच्या वेगानं चालवत होता. आज वीस गाठलेत!"

दोघी खदखदून हसल्या. डॉक्टरीणबाईंनी वेग कमी केला, रस्ता संपला, वासही गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर तो पुन्हा आला.

२

मॅडमच्या धाकट्या दिराचं गॅरेज घरापासून जवळच होतं. विजेच्या गाड्या दुरुस्त करणारं त्या भागातलं ते एकमेव दुकान. दीर मोठा बोलका माणूस. गाडीशी बोले, पान्याशी बोले, आणि समोर कुणी नसलं की रेडिओशी भांडे. वहिनीची गाडी आली की त्याला ऊत यायचा.

"या वहिनी! आज काय? पुन्हा आरशाला घराचं फाटक लागलं का?"

"भावजी, ते फाटक तुमच्या भावानं उघडं टाकलं होतं. गाडीला वास येतोय. जळक्या रबराचा."

भावजींचा चेहरा जरा गंभीर झाला. विजेच्या गाडीत जळका वास म्हणजे आधी वायर बघायच्या, मग बाकी सगळं. त्यांनी चार्जिंगचं तोंड उघडून बघितलं. स्वच्छ. लॅपटॉप जोडून बॅटरीची तब्येत विचारली. ठणठणीत. पुढचं झाकण उघडून हीटरपाशी नाक नेलं, गाडीच्या पोटाखाली प्लास्टिकची पिशवी अडकून वितळली आहे का ते पाहिलं, चारही टायर कुठं घासतायत का ते बघितलं. काहीच नाही.

"चला, एक चक्कर मारून येऊ. तुम्ही चालवा," ते म्हणाले, आणि दुखऱ्या गुडघ्यामुळे मागच्या सीटवर पाय पसरून बसले.

टाकीमागच्या रस्त्यावरून परत आल्यावर भावजींनी चाकांवर तापमान मोजायचं पिस्तूल धरलं. मागची चाकं गार. पुढची दोन्ही इतकी तापलेली की त्यांनी शीळच घातली.

"सापडलं! ब्रेक घासतायत. तापून तापून ब्रेकच्या पकडीवरच्या रबरी टोप्या वितळल्या. त्यांचाच वास."

मॅडमच्या जिवात जीव आला. "एवढंच ना?"

"एवढंच. पण एक गंमत आहे." भावजींनी चाक काढून ब्रेकपॅड बाहेर काढला. झिजून बिस्किटाएवढा पातळ झालेला, वरून काळा, चकचकीत. "या गाडीत आपण पाय उचलला की मोटरच वेग कमी करते. ब्रेक बिचारा नुसता बसून खातो. लोकांचे पॅड वर्षानुवर्षं नव्यासारखे असतात. तुमचे बघा."

"मग?"

भावजी दाढी खाजवू लागले. मॅडमना त्यांचं ते दाढी खाजवणं ओळखीचं होतं. काहीतरी नको ते बोलायच्या आधी ते असं करायचे.

"वहिनी, रागावू नका. तुम्ही शेजारच्या ब्रेकवर पाय ठेवून बसता का हो? नकळत? वयानुसार माणूस जरा भित्रा..."

"भावजी!"

"मी आपलं विचारलं."

"या पायानं मी अर्ध्या शहराला गाडी शिकवलीय. हा पाय कधी भ्यायला नाही," मॅडम म्हणाल्या. भावजींनी ताबडतोब चहा मागवला.

३

नवे पॅड आले, नव्या टोप्या बसल्या. शेजारच्या ब्रेकची जोडणी जरा आवळली गेली होती, ती भावजींनी सैल केली आणि स्प्रिंगही नवी घातली. दुपारी मॅडम गाडी न्यायला आल्या तेव्हा ती लिफ्टवर थोडी उचललेली होती आणि भावजी बाहेरून पुढचं चाक हातानं फिरवून बघत होते.

"बघा कसं फिरतंय! लोण्यासारखं!"

चाक खरंच छान फिरत होतं. सुईं असा बारीक आवाज, बस. मॅडम टेबलापाशी उभ्या राहून थर्मासमधला चहा दोन कपांत ओतत होत्या. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं.

चाक थांबलं. आपोआप मंद होत थांबतं तसं नव्हे. गपकन.

"वहिनी, ब्रेक सोडा की," भावजी चाकावर जोर लावत म्हणाले.

"काय म्हणालात?"

"ब्रेकवरचा पाय काढा. चाक अडलंय."

"भावजी, मी चहा ओततेय."

भावजींनी मान वळवली. वहिनी टेबलापाशी होत्या, हातात थर्मास होता. गाडीचं शेजारच्या बाजूचं दार उघडंच होतं. दोघांनीही एकदमच आत पाहिलं.

आत कुणी नव्हतं. सीटपुढचा ब्रेक खाली गेलेला होता.

मग तो वर आला. स्प्रिंगनं खटकन उसळावा तसा नाही. आधी अर्धा आला, थांबला, पुन्हा किंचित दबला आणि मग हलकेच पूर्ण वर. चाक आपलं आपण अर्धा फेरा फिरलं.

कपातून चहा सांडून टेबलावर पसरला.

"तेल," भावजी म्हणाले. त्यांचा आवाज जरा वरच्या पट्टीत गेला होता. "नळीत तेलाचा दाब उरला की असं होतं. हवेचा एखादा बुडबुडा असणार. काढतो आत्ता."

"काढा," मॅडम म्हणाल्या. "सगळे बुडबुडे काढा."

मग भावजींनी नळी मोकळी केली, तेल बदललं, आणि काम करता करता एक चावट गाणं इतक्या मोठ्यानं म्हटलं की शेजारचा शिंपी बाहेर येऊन बघून गेला. मॅडमना हसू आवरेना. घरी जाईपर्यंत त्यांना तो बुडबुडा पटलाही होता.

४

पुढच्या शिकवणीला मॅडमनी एक शहाणपणा केला. चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"हे काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुमच्यावर विश्वास वाढलाय."

"माझा अजून नाही वाढलेला!"

"मग गोळी घ्या."

बंगल्यांची गल्ली झाली. बाजारात एक म्हातारे गृहस्थ छत्री हलवत आडवे आले, डॉक्टरीणबाईंनी त्यांना सुरेख वाट दिली, मॅडमनी टाळ्या वाजवल्या. टाकीमागच्या रस्त्याला लागल्यावर बाईंनी स्वतःहून वेग वाढवला. खिडकीतून वारा येत होता, भिंतीवर ऊन पडलं होतं, माळरानात कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. इतकी छान सकाळ, की मॅडम वास विसरूनच गेल्या होत्या.

"मॅडम, गाडी जड का लागतेय?"

मॅडमनी खाली पाहिलं.

ब्रेक दबत होता.

आता, मॅडमना पायांची भाषा यायची. इतकी वर्षं त्या माणसांच्या तोंडाकडे कमी आणि पायांकडे जास्त बघत आल्या होत्या. रागीट माणूस ब्रेक लाथाडतो. आळशी माणूस उशिरा दाबतो. नवशिका चवडा ठेवतो की टाच ते त्या डोळे मिटून, नुसत्या गाडीच्या धक्क्यावरून सांगायच्या. बुडबुड्याला असली भाषा नसते. हा ब्रेक आधी जरासा दबला, जणू कुणी लाजत लाजत चवडा टेकवला. मग सुटला. मग पुन्हा, आधीपेक्षा खोल. पुन्हा सुटला. शेजारी बसलेलं माणूस फार घाबरलेलं असतं, पण चालवणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून भीती लपवत असतं, तेव्हा त्याचा पाय अगदी असा चालतो.

आणि तो पाय त्यांच्याच सीटवर, त्यांच्याच मांडीखालून निघालेला असायला हवा होता.

मॅडमनी गुडघे छातीशी घेतले.

"गाडी बाजूला घ्या," त्या शक्य तितक्या सहज म्हणाल्या. "छान. सिग्नल दिलात, छान. आता आपण जागा बदलू."

"काही चुकलं का माझं?"

"तुमचं काहीच चुकलेलं नाही," मॅडम म्हणाल्या, आणि गाडी थांबताच चपला हातात घेऊन अनवाणीच खाली उतरल्या.

५

"काढून टाका," त्यांनी भावजींना सांगितलं.

"अहो, शिकवणीच्या गाडीला तो लागतोच. कायदा आहे."

"नवा मागवा. येईपर्यंत वर्ग बंद. पण हा आजच्या आज माझ्या गाडीतून गेला पाहिजे."

भावजींनी जोडणीचा दांडा सोडवला, पेडल उतरवलं आणि एका डब्यात टाकून डब्यावर झाकण लावलं. मग थोडा विचार करून झाकणावर एक जड पाना ठेवला.

"पाना कशाला?" मॅडमनी विचारलं.

"झाकण उडू नये म्हणून."

"वारा कुठाय?"

"वहिनी, चहा घ्या."

आणि वास गेला! चार-सहा दिवस गाडी अशी पळाली की काय सांगावं. वर्ग बंद असल्यामुळे मॅडमना सुट्टीच मिळाली. चष्म्याच्या दुकानात बसून बसून कंटाळलेल्या नवऱ्याला त्यांनी ओढून बाहेर काढलं, दोघं टाकीमागच्या रस्त्यानं तलावावर जाऊन आले, नणंदेकडे न कळवता जाऊन तिची तारांबळ उडवून आले. नवरा मागं बसायचा. पुढं उन्हानं त्याचे डोळे दिपतात म्हणे. चष्मेवाल्याचे डोळे दिपतात, यावर मॅडमनी त्याला जाता-येता छळलं.

रविवारी त्या गाडी धुवायला बसल्या. मॅट काढून अंगणात आपटले. शेजारच्या सीटपुढचा मॅट हातात घेतला तेव्हा तो कोमट लागला. उन्हाचा असेल, असं म्हणून त्यांनी त्यावर पाण्याचा पाइप धरला.

धूळ वाहून गेली आणि रबर दिसलं. मॅटवरच्या जाड खडबडीत रेघा दोन ठिकाणी पार झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. दोन तळवे. अगदी जवळ जवळ, एकमेकांना चिकटून. गुडघ्याला गुडघा लावून, अंग चोरून बसलेल्या माणसाचे असतात तसे.

त्यांनी मॅट नाकाशी नेला. जळक्या रबराचा वास, अगदी पुसट.

"काय गं, काय हुंगतेस?" नवऱ्यानं खिडकीतून विचारलं.

"काही नाही. तुमचा पाय केवढा हो?"

"माझा? का? बूट आणतेस?"

"आणीन," मॅडम म्हणाल्या. पण नवरा पुढं बसलेलाच नव्हता. त्या सीटवर ब्रेक काढल्यापासून कुणीच बसलेलं नव्हतं.

ब्रेक काढून टाकला होता. तरी कुणीतरी तो दाबत होतं. जमिनीवरच.

६

भावजींनी मॅट बघितला, आणि त्यांच्याकडे त्यालाही उत्तर होतं. हीटरची गरम हवा पायापाशी येते, रबर मऊ पडतं, मग धूळसुद्धा घासून त्याला गुळगुळीत करते. त्यांनी हवेची ती वाट बंदही केली. काम उत्तम केलं, पण या खेपेला गाणं म्हटलं नाही.

"भावजी, एक सांगा," मॅडम म्हणाल्या. "शेजारी बसलेलं माणूस कशाला घाबरतं?"

"चालवणाऱ्याला. माझी बायको मला घाबरते."

"ती तुम्हाला घाबरत नाही, समोरच्या ट्रकला घाबरते. माणूस समोर बघतो आणि मग पाय आवळतो. मी इतके दिवस नुसती पायाकडे बघत बसले."

भावजी हातातलं फडकं उगाच पिळत राहिले.

"आणि तो काही सगळीकडे दाबत नाही," मॅडम पुढं म्हणाल्या. "बाजारात नाही दाबत. तलावाच्या वळणावर नाही. वास आला तो दर खेपेला त्या टाकीमागच्या रस्त्यावर."

"तिथं तर काहीच नाही, वहिनी."

"तेच तर."

बोलता बोलता त्यांचं ठरून गेलं होतं. भीती वाटत नव्हती असं नाही. पण घाबरलेलं माणूस शेजारी बसलेलं असताना त्याला तसंच सोडून द्यायची मॅडमना सवय नव्हती, आणि हे तर त्यांच्याच गाडीत होतं.

"चला," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागं बसा. लॅपटॉप घ्या हवं तर."

भावजींनी लॅपटॉप घेतला, पाना घेतला, आणि वाटेत खायला बिस्किटंही घेतली.

७

भर दुपार होती. रस्ता इकडून तिकडं मोकळा, डांबर उन्हात चमकत होतं. टाकीची भिंत एका बाजूला, माळरान दुसऱ्या बाजूला. शेळ्या आज नव्हत्या.

मॅडम सावकाश चालवत होत्या. शेजारच्या सीटकडे बघायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. पण मॅट डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसतच होता.

"वहिनी," भावजी मागून हळूच म्हणाले. "आला वास."

"माहितेय."

मॅट दबला होता. दोन खळगे पडले होते, आणि या वेळी ते सुटत नव्हते. लाज वगैरे काही उरली नव्हती त्या पायांत. ते सगळं बळ लावून जमीन रेटत होते. रबर करकरत होतं, बारीक, सलग, ओल्या काचेवर बोट फिरवावं तसं.

मॅडमनी समोर पाहिलं. रस्ता. ऊन. काही नाही.

मग त्यांनी केलं ते साधंच होतं. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"काय झालं?" भावजी म्हणाले.

"थांबलेय."

"कुणासाठी?"

"मला नाही माहीत. ज्याला दिसतंय त्याच्यासाठी."

बिस्किटाचा पुडा भावजींच्या हातात चुरचुरला. बाकी सगळं गप्प. विजेची गाडी थांबली की तिच्यात ऐकण्यासारखं काहीच उरत नाही. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो, आणि मॅडमना वाटलं, दोन माणसांच्या मानानं तो जरा जास्तच येतोय.

भिंतीच्या बाजूनं बॉनेटवर सावली आली.

भर उन्हात, वर ढग नसताना. ती आली आणि सरकत राहिली, एखादा ट्रक आडवा जावा तशी, लांबच लांब, संपेचना. गाडी स्प्रिंगवर डुलली. समोरच्या काचेवर बारीक खडी तडतडली. वास एकदम दाट झाला, आणि आता तो बाहेरून येत होता. टायर रस्त्यावर फरफटत गेल्यावर उठतो तो, डोळ्यांत पाणी आणणारा. आवाज मात्र काडीचा नाही. मग सावलीचं शेपूट बॉनेटवरून घसरलं आणि माळरानातलं वाळलेलं गवत, दूरपर्यंत, एका ओळीत आडवं झालं.

हळूहळू ते पुन्हा उभं राहिलं.

भिंत जशीच्या तशी होती. गाडीच्या पुढं, अगदी हातभर अंतरावर, डांबरावर दोन रुंद काळे पट्टे आडवे पडले होते. त्यांतून अजून धूर निघत होता.

"पाणी," भावजी म्हणाले. "पाणी आहे का?"

मॅडमनी बाटली मागं दिली. टोपणही आधी काढून दिलं. मग त्यांनी मॅटकडे पाहिलं. दोन खळगे भरून येत होते. सावकाश, गादीवरून कुणी उठल्यावर गादी फुगते तसे. सीटनंही बारीक सुस्कारा सोडला.

शेजारचं दार आतून उघडलं. डॅशबोर्डवर छोटा लाल दिवा लागला.

"वहिनी, मी नाही हं उघडलं," भावजी कुजबुजले.

मॅडमच्या तोंडाला जन्मभराची सवय होती, आणि तोंड आपणहून बोललं.

"मागून गाडी येत नाही ना, बघून उतरा."

दार क्षणभर जागीच थांबलं. खरंच बघत असावं. मग ते पूर्ण उघडलं, गरम वारा आत आला, आणि दार लागलं. नीट लागलं नाही, लाल दिवा तसाच राहिला. म्हणून ते पुन्हा उघडलं आणि या वेळी व्यवस्थित, बेतानं बंद झालं.

भावजींना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग मॅडमनाही. दोघं रस्त्याच्या मधोमध उभ्या गाडीत डोळे पुसत हसत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

८

वास पुन्हा आला नाही. शिकवणारीचा नवा ब्रेक आला, बसला, आणि आपल्या जागी मुकाट राहिला. मॅडमनी वर्ग सुरू केला. टाकीमागच्या रस्त्यावर ते काळे पट्टे होते तिथं त्या सगळ्यांना घटकाभर गाडी थांबवायला लावायच्या.

"इथं का थांबायचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुणी जात असेल तर जाऊ द्यायचं."

"पण कुणीच नाहीये."

"म्हणूनच शिकायला बरं."

बाईंनी वाद घातला नाही. परीक्षा तोंडावर आली होती आणि त्यांना सगळंच शिकायचं होतं. त्या थांबल्या. मागून पार्सलची एक पांढरी व्हॅन आली आणि तीही थांबली, नाइलाजानं. व्हॅनवाला तरुण होता, घाईत होता. त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. शेवटी त्यानं स्टीअरिंग वळवलं आणि त्यांना ओलांडून पुढं गेला, जाता जाता काहीतरी बोललाही.

"असभ्य!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मॅडम त्या व्हॅनकडे बघत होत्या. पुढं रस्ता रिकामा होता. ना वळण, ना फाटा, ना चिटपाखरू. पण व्हॅनचे मागचे ब्रेकचे लाल दिवे लागलेले होते. ती पळत होती आणि दिवे विझत नव्हते.

"डॉक्टर," मॅडम म्हणाल्या, "त्याला गाठा."

"मी?"

"तुम्हीच. गोळीबिळी काही नाही. दाबा पाय!"

आणि डॉक्टरीणबाईंनी दाबला. लिंबाच्या रंगाची गाडी अशी सुटली की दोघींची डोकी मागं आपटली. बाई "अगं आई गं" करत होत्या, पण हात स्थिर होते, दाढ काढताना असतात तसे. रस्त्याच्या टोकाला सिग्नल लाल झाला आणि दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

मॅडमनी डॉक्टरीणबाईंना त्यांच्या बाजूची काच खाली करायला लावली आणि पुढं वाकून पाहिलं. मधे व्हॅनची रिकामी सीट, तिच्या पलीकडे तो तरुण. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या.

"काय आहे, बाई?"

मॅडमचं लक्ष मधल्या सीटकडे होतं. सीट रिकामी होती. पण बेल्ट लावलेला होता. खांद्यापासून कमरेपर्यंत, ताठ, आणि मधे तो सपाट पडलेला नव्हता. काहीतरी वळसा घालून जावं तसा पुढं आलेला होता, आणि हळूहळू वरखाली होत होता.

बेल्ट तरी लावला, मॅडमच्या मनात आलं. बरं झालं.

"गाडीचे ब्रेक तपासून घ्या हो, दादा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पुढची चाकं तापत असतील. आणि जरा बेतानं चालवत जा. शेजारी बसणारे घाबरतात."

"शेजारी कोण आहे?" तो तरुण हसला. हसत हसतच त्यानं मान वळवून पाहिलं. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण ते काढायचं राहून गेल्यासारखं.

सिग्नल हिरवा झाला. मागून लोक हॉर्न वाजवू लागले. व्हॅन निघाली, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरून रस्ता ओलांडावा इतकी हळू, आणि पहिल्याच वळणाआधी तिनं सिग्नल दिला.